ग्रॅम्पसच्या पाठीवरच्या रेघा

मी भवानी पेठेत राहते आणि शाळेत जीवशास्त्र शिकवते. समुद्र इथून कुठल्या कुठे, तरी ग्रॅम्पस नावाच्या डॉल्फिनने मला वेड लावलंय. याला चोच नाही, डोकं भोपळ्यासारखं, वरच्या जबड्यात बहुधा दातच नसतात, आणि असा हा गडी अंगाची गिरकी घेऊन खोल काळोखात शिरतो आणि माकूळ, म्हणजे स्क्विड, गट्ट करतो. मला सगळ्यात थक्क करते ती त्याची अक्कल. भक्ष्य किती खोल आहे ते तो एका बुडीत स्वतःच्या आवाजाच्या पडसादांवरून हेरतो आणि पुढच्या बुडीचा बेत त्यावर आखतो.

आप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची, रीत हीच होती. मंगळवेढ्याकडे आमच्या गावात कुणाची कळशी विहिरीत पडली की बोलावणं आप्पांनाच. पहिली बुडी नुसती तळ चाचपायला. मग काठावर गप्प बसायचं, आणि दुसऱ्या बुडीत वस्तू वर. कमरेला दोर असायचा, तो काठावर चुलते धरायचे. खालून हिसका बसला तरच ओढायचं, एरवी नाही.

मला नोकरी लागली त्या वर्षी दिवाळीत मी गावी होते. मोटारीचा पाइप विहिरीत पडला होता. चुलते बाजाराला गेलेले, म्हणून दोर माझ्या हाती आला. माणसाचा श्वास किती टिकतो हे मी पुस्तकात वाचलं होतं आणि दुसऱ्या बुडीत आप्पा त्याहून जास्त वेळ खाली राहिले. माझा धीर सुटला. हिसका नसताना मी ओढलं. आप्पा दगडांना घासत वर आले, पाठ सोललेली, हात रिकामे. लोकांनी विचारलं तेव्हा मी बेधडक सांगितलं, हिसका बसला होता.

"व्हय, मीच दिला. दम तुटला," आप्पा म्हणाले.

मला वाटलं, त्यांना खरंच तसं वाटतंय. आप्पांचा दम संपला, असं गावभर झालं आणि बोलावणी थांबली. मी तोंड उघडलं नाही. मला अजून त्याची लाज वाटते.

आता ते माझ्याकडेच असतात. परवा त्यांना मोबाइलवर ग्रॅम्पसच्या बुडीचा व्हिडिओ दाखवला आणि त्याची रीत सांगितली.

"पयलं बगून येतंय, मग काडतंय. लई शाणं हाय," ते कौतुकाने म्हणाले. "पर पाटीवर ह्या पांढऱ्या रेगा कशाच्या?"

"लहानपणी अंग राखाडी असतं. मग ओरखडे पडत जातात आणि ते बुजत नाहीत. काही माकुळांचे, पण पुष्कळसे कळपातल्यांच्याच दातांचे."

"म्हंजी घरच्यांचंच की."

"आप्पा, त्या दिवशी हिसका बसला नव्हता."

"ठावं हाय की. पाइप हातात आला हुता माज्या." ते मोबाइलकडेच बघत होते. "पर गावातली पयली मास्तरीण तू. चारचौगात तुला खोटी कशी पाडू?"

मला रडू फुटलं. त्यांनी मात्र ती बुडी पुन्हा लावायला सांगितली.