माकडिणींना कोण विचारतं?

फ्रिजमधून नुकतीच काढलेली करंगळीएवढी कुपी मी तळहातावर घेतली आणि तिचा गारवा थेट मनगटापर्यंत चढला. पाण्यासारख्या त्या चार थेंबांत केवढं सामर्थ्य! माझी भाची तेजू बावीस वर्षांची, आणि तिच्या मानेत कर्करोगाची गाठ निघाली. केमोने बीजांडकोश कोमेजण्याची भीती, म्हणून त्याआधी संप्रेरकं टोचून बीजांडं पिकवायची आणि गोठवून ठेवायची, असं ठरलं होतं. पहिली सुई आज संध्याकाळी, माझ्या ताईच्या, म्हणजे तेजूच्या आईच्या, कोपरीच्या घरी द्यायची होती.

सकाळी दवाखान्यात मी डॉक्टरीणबाईंना विचारलं होतं, हे निर्धोक कशावरून? त्या सहज म्हणाल्या, "अहो, असली औषधं आधी माकडिणींवर बघितलेली असतात. अगदी वयात न आलेल्या पिल्लांवरसुद्धा."

मी हादरलेच! येऊरच्या डोंगरावरून आमच्या गच्चीत उतरणाऱ्या माकडिणींशी माझं जुनं वैर. वाळत घातलेले पापड पळवणाऱ्या, एकमेकींच्या उवा वेचत निवांत उन्हात बसणाऱ्या त्या आगाऊ बायका! काठी घेऊन त्यांच्यामागे धावताना, त्यांच्याही देहात आपल्यासारखंच ऋतुचक्र फिरतं, हे माझ्या मनात तरी आलं होतं का? आणि कुठल्याशा पिंजऱ्यात, आईच्या पोटाला बिलगण्याचं वय जेमतेम सरलेल्या एखादीच्या अंगात सुईने अकाली तारुण्य उतरवलं, तेव्हा त्या अजाण जिवाला काय वाटलं असेल? तिच्या वेदनेवर माझ्या तेजूची आशा उभी आहे, या जाणिवेने कृतज्ञ व्हावं की शरमून जावं? मला दोन्ही जमेना. नुसता राग येत होता, आणि तो कुणावर काढावा तेही कळत नव्हतं.

संध्याकाळी ताईकडे कुपी हातात धरून मी ते बोलून दाखवलं. ताई वैतागली, "अगं, माकडांचं काय घेऊन बसलीस! उद्या हिच्या लग्नाचं बघायचंय."

मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेल्या तेजूने मान वर केली. "त्यांना कोणी विचारलेलं का गं, मावशी?"

"माकडांना काय विचारायचं?" ताई म्हणाली.

"आणि मला?"

खरंच की! डॉक्टर ताईशी बोलल्या, ताई भावजींशी, भावजी माझ्याशी. तारीख ठरली, औषध आलं. जिच्या पोटात सुई जायची, तिने फक्त मान हलवली होती आणि आम्ही त्यालाच होकार समजून मोकळे झालो होतो. माकडिणींसाठी कळवळणारी मीसुद्धा!

ताई तिच्याजवळ जाऊन बसली. जेवायला वाढताना विचारावं तशी ती म्हणाली, "तेजू, तुला हवंय का गं हे?"

तेजूने मोबाईल पालथा ठेवला आणि ती खिडकीबाहेर बघू लागली. मी कुपी पुन्हा फ्रिजमध्ये ठेवायला उठले.

"थांब मावशी," ती म्हणाली. "मला भीती वाटते. पण हवंय."

आणि तिने स्वतःच कुर्ता वर सरकवला.