डाव्या खांद्याचा दस्ता

सगळे त्यांना सुतारकाका म्हणत आणि तेही स्वतःला सुतारच म्हणवून घेत, जरी त्यांच्या हाताखालून जायच्या त्या बंदुका. "नळ्या, चाप, स्प्रिंगा ही लोखंडाची भानगड याची," असं ते गिऱ्हाइकाला शेजारच्या टेबलाकडे बोट दाखवून सांगत. तिथे त्यांचा भागीदार बसे. त्याला नळीवाला हेच नाव पडलं होतं. जुनी दुनळी बंदूक आली की तो तिच्या नळ्या सोडवून एका बोटावर लटकवायचा आणि टिचकी मारायचा. नाद घंटेसारखा घुमला तर चेहरा खुलायचा. बद्द आला तर "सांधा सुटलाय हो," म्हणून असा सुस्कारा टाकायचा, की गिऱ्हाइकाला वाटावं, घरातलंच कुणी आजारी पडलं.

सुतारकाकांचं काम दस्त्याचं. दस्ता म्हणजे खांद्याला टेकतो, गालाला लागतो तो लाकडी भाग. आजोबांच्या हाताची बंदूक नातीला बसत नाही, तेव्हा जुना दस्ता उतरवून अक्रोडाच्या लाकडाचा नवा घडवायचा. लोखंडाला दिव्याची काजळी फासायची, ते लाकडावर टेकवायचं, काळा डाग उठेल तिथलंच लाकूड पटाशीने हलकेच काढायचं, आणि पुन्हा टेकवायचं. असं डाग-डाग करत लाकूड लोखंडाला चिकटून बसेपर्यंत. या बंदुका कपाटात मिरवायच्या नव्हत्या. दर रविवारी गावाबाहेरच्या मैदानावर त्या हवेत फेकलेल्या मातीच्या चकत्या फोडायच्या. नळ्या म्हाताऱ्या, म्हणून काडतुसं हलकी. पण आराम मात्र एकीलाही नाही.

काकांचं लग्नही एका दस्त्यामुळेच जमलं. काकू तेव्हा वडिलांची दुनळी घेऊन दुकानात आल्या होत्या, गालावर निळा डाग घेऊन. वडील ताडमाड उंच, त्यामुळे तो दस्ता काकूंच्या गालावर दर बाराला थप्पड मारी. माप घ्यायची रीत अशी, की रिकामी बंदूक दोघांनी तपासायची आणि मग नेमबाजाने ती माप घेणाऱ्याच्या डोळ्यावर रोखायची. काकांनी नळ्यांवरून पलीकडे पाहिलं, तर समोर काकूंचा उजवा डोळा, टपोरा आणि जरासा रागावलेला. "त्या दिवशी या माणसाने तीनदा माप घेतलं," नळीवाला अजूनही सांगायचा, "आणि तिन्ही वेगवेगळी!"

त्या मापांवरून घडलेला दस्ता काकूंनी उभा संसार वापरला. मैदानावर त्यांचा दबदबा होता. चकती आकाशात चढली की तिची धूळच खाली यायची. दर मोसमाच्या शेवटी काका आणि नळीवाला ती बंदूक सुटी करत, पुसत, तेल देत आणि एकमेकांच्या कामाला नावं ठेवत पुन्हा जोडत.

आणि एका मोसमात काकूंचा नेम चुकायला लागला.

काकांनी दोष बंदुकीला दिला. आधी काडतुसं बदलली. मग नळीवाल्याच्या मागे लागले. त्याने स्प्रिंगा पाहिल्या, चाप पाहिले, नळ्यांना टिचकी मारली. नाद खणखणीत.

"लोखंड ठणठणीत आहे बाबा," तो म्हणाला. "तुझं लाकूडच बघ."

काकांनी नाक मुरडलं, तरी दस्ता खिडकीशी नेऊन उजेडात धरला. इतक्या वर्षांच्या गालाने लाकडाला एक लकाकी आली होती, डाव्या अंगाला, नेहमीच्या जागी. पण आता दस्त्याच्या माथ्यावर, अगदी पलीकडच्या कडेपर्यंत, दुसरी ताजी लकाकी दिसत होती. म्हणजे काकू मान दस्ता ओलांडून पार पलीकडे टाकत होत्या. उजवा डोळा बाजूला ठेवून डाव्याने बघायला.

ते तसेच घरी गेले. दुकानामागेच घर. काकू स्वयंपाकघरात भाजी निवडत होत्या.

"कधीपासून?" काकांनी विचारलं.

"काय कधीपासून?"

"उजव्या डोळ्याने दिसत नाही, ते."

काकूंचा हात थांबला. "मध्ये धुकं दिसतं. कडेने दिसतं सगळं. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येणार नाही, पण डावा चांगला आहे."

"आणि मी इकडे वेड्यासारखा बंदूक खोलतोय! सांगायचं नाही?"

"तुम्ही बंदुकीला दोष देत होतात. म्हटलं, देऊ देत. बंदूक दुरुस्त होते." त्या पुन्हा भाजीकडे वळल्या. "हा मोसम संपला की ठेवून देणार आहे मी. उगाच चेहरे पाडू नका."

काकांनी चेहरा पाडलाच. मग एकदम म्हणाले, "डाव्या खांद्यावरून मार ना."

"अहो, या वयात डावरी होऊ?"

"बंदुकीला वय कुठे विचारतो आपण?"

उजव्या माणसाचा दस्ता किंचित उजवीकडे झुकलेला असतो. डाव्यासाठी तो डावीकडे झुकवायला हवा. लाकूड उकळत्या तेलाच्या धगीने नरमतं, मग पकडीत घालून हळूहळू वळवता येतं. काकांना नवा दस्ता करायचा नव्हता. तो जुना त्यांच्या जिवाचा तुकडा होता. त्यांनी दस्त्याच्या मानेवर, जिथे हात धरतो त्या बारीक भागावर, गरम तेल सोडलं आणि पकड आवळली. लाकूड नमलं. थोडं अजून हवं होतं. आयुष्यभर लोकांना ‘दमानं घ्या’ म्हणणाऱ्या माणसाने स्क्रूला आणखी एक पीळ दिला.

काड्दिशी आवाज झाला. नळीवाल्याने मान वर केली. नेहमी त्याची जीभ कात्रीसारखी चाले, पण आता त्याने पाहिलं न पाहिल्यासारखं केलं आणि उगाचच एक नळी पुसत बसला.

आवाज ऐकून काकू दारात आल्या. काका दोन तुकडे हातात घेऊन स्टुलावर बसले होते, शाळेत पाटी फोडलेल्या पोरासारखे.

"मोडला," ते म्हणाले.

काकूंनी तुकडे हातात घेतले, लाकडावरून अंगठा फिरवला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, पण त्या म्हणाल्या, "बरं झालं. हा बसवला तेव्हा माझे गाल आत होते. आता केवढे वर आलेत! दस्त्याचा माथा खाली घ्यायला हवा, हे तुम्हाला दिसत नव्हतं?"

"दिसत होतं."

"मग?"

"हिंमत नव्हती सांगायची."

नळीवाला इतका हसला, की त्याला ठसका लागला.

दुसऱ्या दिवशी काकांनी मापाची बंदूक काढली, सुट्या भागांच्या दस्त्याची, हवी तशी लांब-आखूड होणारी. दोघांनी ती रिकामी असल्याची खात्री केली. काकूंनी ती डाव्या खांद्याला लावली आणि काकांच्या डोळ्यावर रोखली. नळ्यांच्या पलीकडे आता डावा डोळा होता. भोवती सुरकुत्या, पण रागावलेला तसाच. काका बघतच राहिले.

"घेताय ना माप?" काकू म्हणाल्या. "हात दुखतोय."

"घेतोय, घेतोय."

त्यांनी स्वतःसाठी जपून ठेवलेला अक्रोडाचा ठोकळा काढला. धुरासारख्या काळ्या रेषा त्यात वळत गेल्या होत्या. नळीवाल्याने चाप डाव्या बोटाला सोयीचे वाकवून दिले. इकडे काकू घरात आरशापुढे बंदुकीऐवजी लाटणं खांद्याला लावून सराव करत. एकदा पोस्टमनने ते खिडकीतून पाहिलं आणि पत्रं पायरीवरच ठेवून काढता पाय घेतला.

दस्ता घडला, घासला, जवसाचं तेल हाताने मुरवून झालं. मैदानावर पहिल्या रविवारी एकही चकती फुटली नाही. दुसऱ्यांदाही नाही. काकू वैतागून म्हणाल्या, "हा हात माझा नाहीच मुळी! शेजारणीचा वाटतो." काका मागच्या बाकावर बसून होते. चुकली तरी बंदूक गालाशी कशी येते, तेवढंच बघत. ती आता मान न वाकवता येत होती.

मग एका रविवारी डावीकडून चढलेली चकती वर थबकल्यासारखी झाली आणि तिचा भुगा झाला. काकूंनी वळून पाहिलं. काका उभे राहिले होते, टोपी छातीशी धरून. नळीवाल्याने शिट्टी वाजवली, आणि आजूबाजूच्यांनीही.

पूर्वीचा नेम काही परत आला नाही. कधी निम्म्या फुटायच्या, कधी त्याहून कमी. पण काकूंनी एक रविवार चुकवला नाही. काकांना तेवढं पुरे होतं.

थंडी पडली तेव्हा मैदानावरून येता येता काकू म्हणाल्या, "जाड कोटावर दस्ता लांब पडतोय हो. जरासा."

काकांनी तिथेच थांबून त्यांच्या कोपराला हात घातला आणि हात दुमडून माप पाहिलं. "कितीसा?"

"नखभर."

"आधी सांगायला काय होतं?" ते खुशीत पुटपुटले आणि दुकानाची किल्ली शोधायला खिसे चाचपू लागले.