डाव्या हाताची पारख

माझी आजी केवळाबाई लोकर डोळ्यांनी बघत नसे. डोळे मिटायची, चिमूटभर लोकर डाव्या हाताच्या आतल्या अंगाला, कोपराच्या जरा खाली ठेवायची आणि गप्प बसायची. समोरचा माणूस अवघडून जायचा. चार-पाच श्वास झाले की सांगायची, "ही लेकराला चालंल." नाहीतर, "ही म्हाताऱ्याला बी नगं, बैलावर टाका."

ताडकळसच्या आसपासच्या वस्त्यांवर तिच्या त्या हाताचा दबदबा होता. बोटांनी का बघत नाहीस असं कुणी विचारलं तर म्हणायची, टकळी फिरवून फिरवून बोटांची कातडी वहाणेसारखी झालीय, तिला काय कळतंय. बाळंतीण असो, कातडी पातळ झालेलं म्हातारं माणूस असो, की जरा काही लागलं तरी अंगावर गांधी उठणारं पोर असो, त्याच्यासाठी घोंगडी विणायची तर लोकर केवळाबाईकडून निवडून घ्यायची, हे ठरलेलं होतं. आमच्याकडच्या मेंढ्यांची लोकर मुळात राठ. त्यातल्या त्यात मऊ म्हणजे कोकराची पहिली कातरण, तिला जावळ म्हणतात, आणि तीही मानेची नि खांद्याची. मांडीची लोकर कोकराची असली तरी टोचते. आजी तेवढीसुद्धा वेगळी काढायची. तिला या गोष्टीचा गर्व होता आणि तो ती लपवायच्या भानगडीत पडत नसे.

पोलीस ॲक्शननंतरच्या पाचव्या वर्षी, पौषात, माझी आई सुगंधा पहिल्या बाळंतपणाला बोरीच्या सासरहून माहेरी आली आणि मी आठव्या महिन्यातच जन्मले. अंगावर मांस नाही, कातडी अशी की बोट लागलं तरी लाल व्हायची. थंडी तर कडाक्याची. एरवी अशा थंडीत कोकरं कातरत नाहीत, पण आजोबांनी नातीसाठी सात कोकरांची जावळं कातरून आजीपुढं आणून टाकली. आजी दिवसभर निवडत बसली. त्या दिवशी तिला सगळीच लोकर मऊ लागत होती. "औंदा कोकरं लय गुणाची निघाली," असं ती हसून म्हणाल्याचं आईला अजून आठवतं. चार दिवसांत आजीनं सूत काढलं, ताडकळसच्या चंद्रभान सणगरानं मागावर लहानशी घोंगडी विणून दिली आणि मला तिच्यात गुंडाळलं.

संध्याकाळपर्यंत माझ्या मानेवर, पोटावर, मांड्यांवर लाल चट्टे उठले. मी रडून रडून निळी पडले म्हणतात. आईनं घोंगडी ओढून काढली आणि म्हणाली, "माय, हे टोचायलंय की."

आजीनं घोंगडी डाव्या हातावर घासली. "कुठं टोचायलंय? लोण्यावानी हाय."

मग तिचा संशय चंद्रभानवर गेला. लेकराच्या घोंगडीला चिंचोक्याची खळ लावू नको, असं तिनं त्याला बजावून सांगितलं होतं; खळीनं घोंगडी ताठ होते. त्यानं लावली असणार, किंवा सूतच बदललं असणार. दुसऱ्या दिवशी ताडकळसचा बाजार होता. आजी तणतणत गेली आणि चंद्रभानच्या मागापुढं उभी राहून चारचौघांत त्याला वाट्टेल ते बोलली. चंद्रभान मुळात मवाळ माणूस. त्यानं सगळं ऐकून घेतलं, घोंगडी उचलली, स्वतःच्या मानेला लावली.

"खळ न्हाई लावली, केवळाबाई. पण टोचतंय हे खरं. सूतच राठ हाय."

"माह्या हाताला तर काईच लागंना."

"हातानं नगा बघू. तुमी बी मानंला लावून बघा."

आजीनं चिडूनच घोंगडी मानेला लावली आणि ती टोचली. तिनं ती पुन्हा डाव्या हातावर ठेवली. काहीच नाही. उजव्या हातावर ठेवली. टोचली. पुन्हा डाव्या हातावर ठेवून घासली. चंद्रभान सांगायचा की बाई अर्ध्या भांडणात थांबली, घोंगडी काखेत मारली आणि चालू लागली. त्याला वाटलं, आपलं म्हणणं पटलं.

वाटेत बाभळीखाली बसून तिनं एक काटा मोडला आणि डाव्या हातात खुपसला. रक्त आलं. दुखलं नाही. मग तिनं हात उन्हात धरून नीट बघितला. कोपराच्या खाली पेरूच्या पानाएवढा फिकट डाग होता. तिनं तो आधीही पाहिला असणार, पण उन्हाचा असेल, जुन्या खरचटण्याचा असेल, म्हणून सोडून दिला असणार.

बधिर डागाचा अर्थ तेव्हा पोरासोरांनाही ठाऊक होता. शेजारच्या गावातल्या आश्रुबाला रगतपिती, म्हणजे महारोग, झाली तेव्हा त्याला ओढ्याकाठी खोपट बांधून दिलं. बायको माहेरी गेली ती गेलीच. लोक भाकर धोंड्यावर ठेवून मागं सरायचे. आजीनंही त्याला एकदा भाकर दिली होती, आणि तीसुद्धा दुरूनच टाकली होती. ती भाकर मातीत पडली नि त्यानं उचलून झटकली. बाभळीखाली बसल्यावर तिला ते आठवलं, असं तिनं पुढं आजोबांना सांगितलं.

घरी आल्यापासून तिचा डावा हात पदराखाली गेला तो बाहेर येईना. ती मला घेईना. न्हाऊमाखू घालायला शेजारच्या धुरपताबाईला बोलावलं. आईनं मला पुढं केलं की ती दोन पावलं मागं जायची आणि काहीतरी काम काढायची. पण बाळंतिणीला चुलीपुढं कसं बसवणार? भाकरी तिलाच थापाव्या लागत. ती उजव्या एका हातानं थापायची, भाकरी वेडीवाकडी व्हायच्या, आणि आई पहिला घास मोडेपर्यंत ही तिच्या तोंडाकडं बघत राहायची. आपण लेकीला विष चारतोय, असं तिला वाटत असणार. रोज दोन्ही वेळा हेच. तिनं स्वतःचं ताट, तांब्या वेगळा केला आणि कुणाला कळू नये म्हणून सगळ्यांच्या नंतर जेवू लागली.

आईला कशाचाच पत्ता नव्हता. तिला एवढंच दिसत होतं की माय नातीला शिवत नाही. "पोरगी झाली म्हणून व्हय?" असं तिनं एकदा रडत विचारलं. आजी उठून चुलीकडं गेली. खरं सांगण्यापेक्षा हा आरोप बरा, असं वाटलं असेल तिला.

आठवडाभरानं, मेंढ्या वाड्यात कोंडताना, तिनं आजोबांना हात दाखवला. आजोबांनी बघितलासुद्धा नाही.

"मला ठाऊक हाय," ते म्हणाले. "पावसाळ्यात चुलीतला इंगळ उडून तुह्या हातावर पडला व्हता. तुला कळलंच न्हाई. म्याच झटकला."

"मंग बोलला का न्हाई?"

"बोललो आसतो तर खरं झालं आसतं."

आजोबांचा मला फार राग यायचा यावरून. सहा महिने हा माणूस शेजारी झोपत होता, तिच्या हातचं खात होता, रोज भीत होता आणि तोंडातून अक्षर काढत नव्हता. पण त्यांनी दुसऱ्या दिवशी मेंढरं दुसऱ्याच्या हवाली केली, डोळे दाखवायला चाललोय असं वस्तीवर सांगितलं आणि तिला परभणीला नेलं, हेही खरं.

डॉक्टरांनी तिला डोळे मिटायला सांगितलं. कापसाचा बारीक पीळ घेऊन ते हातावर, गालावर, पाठीवर टेकवत होते. "बाई, जिथं लागेल तिथं बोट ठेवा." गालावर लागलं, तिनं बोट ठेवलं. उजव्या हातावर लागलं, ठेवलं. मग बराच वेळ काही लागेना. ती तशीच डोळे मिटून, बोट उचलून बसून राहिली. आजोबा समोरून बघत होते. कापूस तिच्या डाव्या हातावरून तीनदा, चारदा फिरत होता.

डॉक्टरांनी मात्र ओरडाआरडा केला नाही की दूर सरकले नाहीत. एकच डाग आहे, रोगाची ही जात दुसऱ्याला लागत नाही, असं त्यांनी दोनदा समजावून सांगितलं. गोळ्या दिल्या. वर्षानुवर्षं घ्याव्या लागतील, चुकवायच्या नाहीत. "नात झालीय मला," आजी म्हणाली, "तिला घेऊ का?" ते म्हणाले, "घ्या की."

आजी परत आली ती जवळजवळ पळतच. तिची भीती निम्म्यावर आली होती आणि सांगून टाकलं की उरलेलीही जाईल, असं तिला वाटलं. तिनं आईला समोर बसवून सगळं सांगितलं. डाग, काटा, डॉक्टर, गोळ्या, लागत नाही म्हणाले ते, सगळं.

आईनं पहिला शब्द तेवढा ऐकला. ती उठली, मला उराशी धरलं आणि भिंतीला जाऊन टेकली.

"बोरीला कळलं तर मला नांदवत्याल का, माय?" ती म्हणाली. "पोरीला कोण करंल?"

पहाट झाल्यावर आई महिना भरायच्या आधीच, गाडी जुंपून, बोरीला सासरी निघाली. कुणाला काही बोलली नाही, एवढा उपकार तिनं केला. आजीनंही लेकराची लोकर निवडणं त्या दिवसापासून सोडलं. डोळे अधू झालेत, असं सांगायची. गोळ्या मात्र तिनं एक दिवस चुकवल्या नाहीत. डाग वाढला नाही, दुसरा उठला नाही. वस्तीवर कधीही कुणाला कळलं नाही.

आईनं मला सात वर्षं आजोळी नेलं नाही. पण भीती माझ्यासमोर वाढत होती. आजीकडून तूप आलं की ते गड्याला जायचं. दर अमावास्येला आई मला उजेडात उभी करून अंगभर बघायची, डोळे मिटायला लावायची आणि इथं कळतंय का, इथं कळतंय का, असं विचारायची. कशासाठी ते ती सांगत नसे. मी आपली न कळता भ्यायला शिकले.

सन साठमध्ये भुजंगमामाचं लग्न निघालं आणि आईचा निरुपाय झाला. वस्तीवर उतरायच्या आधी गाडीतच तिनं मला बजावलं, आजीनं धरलं तर लगेच हात धुवायचे. आजी दारात उभी होती. मला वाटलं होतं तशी ती भयंकर नव्हती. बुटकी, वाळलेली, हसणारी बाई होती. तिनं दोन्ही हात पुढं केले, मला उचललं आणि माझ्या गालाला गाल लावून कितीतरी वेळ उभी राहिली. मी लाकूड झाले. खाली ठेवल्याबरोबर मी रांजणाकडं पळाले आणि हात चोळू लागले. गाल चोळला. पाणी पुरेना.

मागं पावलं वाजली. आजी आली होती. तिनं माझ्याकडं बघितलं, उंबऱ्यात उभ्या असलेल्या आईकडं बघितलं. मग रांजणातून तांब्या भरून घेतला, खाली बसली आणि उजव्या हातानं माझ्या हातांवर पाणी घालू लागली.

"कोपरापतुर धू," ती म्हणाली.

मी कोपरापर्यंत धुतले.