फसवत नाही असा आकडा

आधी चहाचा घोट गिळून घ्या, नाहीतर ठसका लागेल! कारण माझी नोकरी एका भागाकारापायी जाणार होती, असं सांगितलं तर तुमचा विश्वास बसेल?

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी सांगलीचा. पाटणजवळच्या एका हायस्कुलात गणिताचा हंगामी मास्तर. कायम करायचं की घरी पाठवायचं, हे सगळं हेडमास्तरांच्या हातात.

एका सकाळी स्टँडवरच्या हॉटेलात बसून सहज एकाला सातानं भागत होतो. दशांशचिन्हापुढे १४२८५७ हे अंक पुन:पुन्हा येत राहिले. म्हटलं, गुणून तर बघू. दोनानं गुणलं, २८५७१४. अरे, तेच सहा अंक, तीच रांग, फक्त सुरुवात दुसरीकडून! तीनानं, ४२८५७१. परत तेच! सहापर्यंत तेच! अंगावर काटा आला हो. देवळात गेल्यावरही मला कधी असं झालं नव्हतं.

मी ओरडलोच, "काय आकडा आहे हा!"

आमचा शाळेचा शिपाई बाबू शेजारीच होता. त्यानं कान टवकारून माझ्या कागदात डोकावलं. "मास्तर, ह्यो आकडा फसवत न्हाई?"

"कधीच नाही!"

"आन् तीन, सहा, नऊ?"

"ते यात यायचेच नाहीत!"

बाबू बशीतला चहा तसाच टाकून पळाला. मला वाटलं, बिचाऱ्याला गणिताची गोडी लागली!

मधल्या सुट्टीत शाळेच्या फाटकाशी ही गर्दी. एक फेटेवाले पाटील पुढे आले. "आवं मास्तर, ओपनला लावावा का क्लोजला?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. अख्खं गाव माझ्या जिवावर मुंबईचा मटका लावायला निघालं होतं!

सुट्टी संपता संपता हेडमास्तरांचं बोलावणं. त्यांनी दार लावून घेतलं. "शाळेत आकडा देता?"

"सर, गणिताचा!" मी खडू उचलला आणि फळ्यावर सगळं मांडलं. सहापर्यंत आलो. मग, खरं सांगतो, मी पहिल्यांदाच सातानं गुणलं.

९९९९९९.

नोकरी, मटका, सगळं विसरून मी त्या सहा नवांकडे बघत उभा राहिलो. हेडमास्तरांनी चष्मा काढला. "विलक्षण!" एवढंच म्हणाले. वाटलं, गावात एक तरी रसिक भेटला.

दुसऱ्या दिवशी बातमी आली. मटक्यात ओपनला नऊ आला! शाळेत येताना गावातलं कुणी माझ्याशी बोलेना. बाबूनं तर मला घंटासुद्धा ऐकू येऊ नये अशी वाजवली.

हेडमास्तर मात्र पेढ्यांचा पुडा घेऊन आले. "मास्तर, तुम्ही कायम झालात म्हणून समजा."

मी भारावलो. "सर, संख्येचं सौंदर्य तुम्हाला भिडलं!"

"कसलं सौंदर्य? सहा वेळा नऊ दिसल्यावर कोण गप्प बसेल?" त्यांनी पेढा माझ्या हातावर ठेवला आणि आवाज खाली आणला. "तुम्ही कशावर लावला होता?"

माझी मान खाली गेली.

"आठावर, सर. तुमचं बोलावणं यायच्या आधीच."