‘रो’ म्हणजे जरा जास्तच

आमची मुलगी आठव्या महिन्यातच जन्मली. तेव्हा आम्ही अजमानला राहत होतो. सासूबाईंचा व्हिसा झाला नव्हता, आईला गुडघ्यांमुळे प्रवास झेपत नव्हता आणि नवरा पहाटेच दुबईला ऑफिसला निघायचा. मुलगी एवढीशी होती की उचलायचीही भीती वाटे. आईनं फोनवर बजावलं होतं, कमी दिवसांचं बाळ आहे, ऊब कमी पडू देऊ नकोस. म्हणून मी एसी बंद ठेवला. झबलं, त्यावर स्वेटर, कुंची, वरून दुपटं. आणि हे सगळं मे महिन्यात.

घरी आणल्यावर दोन-तीन दिवसांतच ती दूध पिईना. अंग तापलेलं, चेहरा लालबुंद, रडण्यातही जोर नाही. नवऱ्याचा फोन लागेना. मी तिला घेऊन जिना उतरले आणि खालच्या मजल्यावरचं दार ठोठावलं. तिथे आयर्लंडची एक नर्स राहायची. ओळख लिफ्टमध्ये हसण्यापुरतीच.

तिनं बाळाच्या मानेमागे हात घातला आणि पुटपुटली, “रोहे.” मला ते आजाराचं नाव वाटलं. तिनं मात्र शांतपणे कुंची काढली, स्वेटर काढला, दुपटं बाजूला ठेवलं. एसीच्या गारव्यात बाळ हळूहळू निवलं आणि मी जवळ घेताच दूध ओढायला लागलं. मला रडू आवरेना.

मग तिनं इंग्रजीत समजावलं. घाईत तिच्या तोंडात घरची आयरिश भाषा यायची. त्या भाषेत शब्दाआधी ‘रो’ लावलं की ती गोष्ट हवी त्यापेक्षा जास्त होते. बाळ फार गरम झालंय, एवढंच ती म्हणाली होती. मी म्हटलं, आम्ही ‘अति’ लावतो.

“बाळाला काही झालेलं नाही,” ती म्हणाली. “तूच रो-काळजी करतेयस.”

त्यानंतर ड्यूटीवरून आली की ती आधी आमच्याकडे डोकवायची. मुलीला न घाबरता आंघोळ घालायला मी तिच्याकडूनच शिकले. माझा शिरा तिला ‘रोविलिश’, म्हणजे फारच गोड वाटायचा. तरी वाटी रिकामी व्हायची.

दोन वर्षांनी ती कायमची मायदेशी गेली. निघताना आमची लेक तिच्या सुटकेसवर बसली आणि उतरेचना. शेवटी तिनंच तिला कडेवर घेऊन टॅक्सीपर्यंत नेलं. मला नीट आभारही मानता आले नाहीत. पण त्या बाळंतपणात माहेरचं कुणी जवळ नव्हतं, असं मी कधी म्हणत नाही.