सही आणा, काका

ताई गेली हे मला व्हॉट्सअ‍ॅपवर कळलं. रात्री दवाखान्यात तिच्याजवळ राहून सकाळी मी बँकेत कामावर आले होते, डॉक्टर म्हणाले होते, आज बरं आहे. बाराच्या सुमाराला समाजाच्या ग्रुपवर हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. वर मजकूर होता, ‘आपलीच मुलगी सुनंदा आज आपल्यात राहिली नाही.’ पाठवणारे वानखेडेकाका. त्यांची सून त्याच दवाखान्यात नर्स आहे. दवाखान्याचा फोन मला त्यानंतर दहा मिनिटांनी आला... रडू यायच्या आधी मला राग आला. आज सहा आठवडे झाले, तो राग उतरलेला नाही. ज्यांना सौम्य आठवणी वाचायच्या असतील त्यांनी खुशाल पान उलटावं.

काकांचे वडील आणि आमचे आजोबा महूला एकाच पलटणीत होते, त्यामुळे परदेशीपुऱ्यातल्या आमच्या घरी काका म्हणजे घरचेच. ताई ज्या कॉलेजात शिकली तिथे ते ऑफिसचे बडे बाबू होते. बी.एस्सी. झाल्यावर ताईला पुण्यात एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला. बाबांना कधी सांगायचं तेही ठरलं होतं, रविवारी, मटणाचं जेवण झाल्यावर. गच्चीवर त्याची तालीम चालायची. मी बाबा व्हायचे, नसलेल्या मिशा पिळायचे आणि प्रत्येक वाक्याला ‘नाही’ म्हणायचे. ती न चिडता पुन्हा पहिल्यापासून समजावायची. शुक्रवारी तिनं कॉलेजात टीसीचा अर्ज दिला आणि शाई वाळायच्या आत काकांनी बाबांच्या ऑफिसात फोन लावला. “भाऊ, सुनंदा टीसी मागतेय, घरी मालूम आहे ना? आपलीच मुलगी, म्हणून बोललो.” बाबा तडक कॉलेजात गेले. काकांनी तयार टीसीसकट ताईची सगळी फाइल काउंटरवरून त्यांच्या हातात ठेवली. टीसी आमच्या घरच्या लोखंडी ट्रंकेत कुलपात गेली, आणि पुण्याचा प्रवेश तिथेच संपला. ताई तेव्हा एकवीस वर्षांची होती, आणि तिला कुणी एका शब्दानं विचारलं नाही.

बाबा वाईट नव्हते. शेवटच्या आजारात ते मला म्हणाले, “तिनं स्वतः सांगितलं असतं ना, तर मीच स्टेशनवर सोडायला गेलो असतो. दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं, आणि दिमाग फिरला माझा.” ताई औषध घेऊन दारातच उभी होती. तिनं सगळं ऐकलं, औषध दिलं, आणि स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ नळ चालू ठेवला. काका मात्र लग्नाबारशांत हा किस्सा रंगवून सांगत राहिले... मुलगी हातची जात होती, वेळेवर वाचवली.

पुढे ताईला पलासियाजवळच्या एका खाजगी कॉलेजात नोकरी लागली आणि काही वर्षांत विद्यार्थी विभाग तिच्याकडे आला. तिथे तिनं एक साधा कागद तयार केला. ‘माझे मार्क, हजेरी, अर्ज यांची माहिती अमुक व्यक्तीला द्यावी,’ आणि खाली विद्यार्थ्याची सही. सही नसेल तर ताईच्या तोंडून बापालाही अक्षर मिळायचं नाही. “मॅडम, मैं बाप हूँ उसका!” असं कुणी टेबलावर हात आपटून म्हटलं की ती थंडपणे म्हणायची, “हाँ जी. और वो बालिग है.” प्रिन्सिपॉलनी तिला दोनदा बोलावून झापलं. ती परत येऊन आणखी शंभर प्रती काढायची. एकदा मात्र एक आई रडायलाच लागली, मुलगी चार दिवस फोन उचलत नव्हती. ताईनं तिच्यासमोरच मुलीला फोन लावला, “आई इथे बसलीय. काय सांगू, ते तूच सांग.” मग फोन आईच्या हातात दिला आणि स्वतः खोलीबाहेर जाऊन उभी राहिली. मुलांना ती एकच गोष्ट बजावायची, घरी तूच सांग, आणि आजच सांग.

आणि एक दिवस वानखेडेकाका आले. नातू त्याच कॉलेजात, हजेरीत काहीतरी गडबड आहे असा त्यांना वास लागला होता. ताईनं खुर्ची दिली, चहा मागवला, तब्येत विचारली आणि मग तो कागद समोर सरकवला. “अगं, मी आहे,” काका म्हणाले. “हो काका, ओळखलं. सही आणा.” नातवानं सही दिली नाही. काका तीनदा आले, तीनदा चहा पिऊन गेले. तिसऱ्या दिवशी ताई घरी आली ती अर्धा किलो जिलेबी घेऊन, आणि आम्ही दोघींनी ती ताटात न वाढता, पुडक्यातूनच संपवली. ते चूक होतं असं मला आजही वाटत नाही.

ताईच्या पुण्यानुमोदनाला काका आले. आता ऐंशी ओलांडलीय. लोक पांगल्यावर त्यांनी मला कोपऱ्यात गाठलं. “बेटा, जाताना माझ्याबद्दल काही बोलली का? कुणी सांगत होतं, आखरी रात को नाव घेतलं माझं.”

घेतलं होतं. मी उशाशी होते, आणि तिनं जे म्हटलं ते मला अक्षर न् अक्षर पाठ आहे. काकांचे डोळे भरले होते, आणि मी एक शब्द बोलले असते तर कदाचित त्यांना झोप लागली असती... किंवा कायमची उडाली असती. ऑफिसातून आणलेलं ताईचं सामान तिथेच खोक्यात होतं. त्यातला वरचाच, विद्यार्थ्याच्या सहीचा तो कोरा कागद काढून मी त्यांच्या हातात दिला.

“तिची सही आणा, काका.”

त्यांनी तो घडी करून खिशात ठेवला. रविवारची ही पुरवणी ते पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात, हे मला माहीत आहे. म्हणून तिचे शब्द मी इथेही लिहिलेले नाहीत.