न धुतलेला डबा

आमच्या खालच्या मजल्यावरच्या मॅट्रनबाईंनी आयुष्यात फुकट घेतलेली एकच गोष्ट म्हणजे श्वास, आणि तोही सोडताना त्या समोरच्याला काहीतरी उपयोगी सल्ला देऊनच सोडत. सरकारी इस्पितळात छत्तीस वर्षं नोकरी करून त्या मॅट्रन म्हणून निवृत्त झाल्या होत्या. मूळच्या नगरकडच्या ख्रिस्ती, लग्न केलेलं नाही, अंगावर कडक इस्त्रीची सुती साडी, आणि आवाज असा की जिन्यात त्यांनी ‘कोण आहे?’ म्हटलं की चार घरांतून ‘आम्ही नाही’ असं उत्तर यायचं. मी अकोल्याहून नोकरीसाठी पुण्यात आलो आणि बिबवेवाडीतल्या त्या बारा बिऱ्हाडांच्या इमारतीत भाड्याने राहिलो, ते दिवस खराडीत काचेच्या इमारती नुकत्या उभ्या राहायला लागल्याचे. तिथल्या एका कंपनीत मी सॉफ्टवेअर टेस्टर होतो. टेस्टर म्हणजे काय, हे मी माझ्या वडिलांना अजून समजावतोच आहे. मॅट्रनबाईंना ते एका वाक्यात समजलं. ‘म्हणजे दुसऱ्याच्या कामातल्या चुका काढायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा. बरंय. आम्ही हे जन्मभर फुकट केलं.’

न्यायाच्या बाबतीत त्या भयंकर होत्या. नाताळात त्यांच्याकडून प्रत्येक घरी करंज्या, चकल्या आणि केक जायचा, पण घराप्रमाणे नव्हे, माणसांप्रमाणे. दोन माणसांच्या घराला आणि सात माणसांच्या घराला सारखंच ताट, हा कुठला न्याय, असं म्हणून त्या वीस तारखेपासून दारोदार शिरगणती करत. केक सुरीने नाही, फूटपट्टी ठेवून दोऱ्याने कापत. एका वर्षी ऐन चोवीस तारखेला आमच्या सासूबाई न कळवता येऊन टेकल्या. मला बसला त्याहून मोठा धक्का मॅट्रनबाईंना बसला. ‘किती दिवस आहेत?’ त्यांनी दारातूनच विचारलं. मी म्हटलं, ‘दोन.’ ‘मग पाऊण करंजी.’ आणि खरोखरच पाऊण करंजी आली हो! उरलेली पाव त्यांनी स्वतःही खाल्ली नाही, वॉचमनला दिली, कारण त्याची ड्यूटी त्या दिवशी तेवढी जास्त झाली होती.

सत्कृत्यं त्या करत असत असं म्हणण्यापेक्षा लोकांवर घालत असत म्हणणं जास्त खरं. रविवारी चर्चला उपासनेला जाण्याआधी अख्ख्या इमारतीचं ब्लडप्रेशर तपासायचं, हा नेम. ‘दंड पुढे करा’ म्हटलं की दाढीचा फेस तोंडावर असला तरी दंड पुढे करावा लागे. सोसायटीच्या सेक्रेटरींनी एकदा त्यांच्या नाताळच्या चांदणीच्या वायरीवर लेखी हरकत घेतली. पुढच्या रविवारी सेक्रेटरींच्याही दंडाला पट्टा आवळला गेला, तितकाच करकचून, ना कमी ना जास्त. ‘दीडशे आहे. हरकती कमी घ्या,’ एवढंच बोलून बाई वरच्या मजल्यावर गेल्या.

पण खरी पंचाईत व्हायची ती डब्याची. शेजारून आलेलं भांडं रिकामं परत देऊ नये, ही रीत आपल्याकडे सगळेच पाळतात; कोणी चिमूटभर साखर घालतं आणि मोकळं होतं. मॅट्रनबाई आलेल्या जिनसाच्या तोडीस तोड जिन्नस घालत, आणि तोही अर्ध्या तासात. दुर्दैवाने माझी बायकोही त्याच जातकुळीची. एकदा तिने पुरणपोळ्या पाठवल्या, डब्यातून केक आला. केकावर हिने सांबारवडी, म्हणजे आमच्याकडची कोथिंबिरीची वडी, पाठवली, वर लाडू आले. तीन आठवडे तो डबा जिन्यात वर-खाली करत होता आणि दोघींपैकी कोणीही माघार घ्यायला तयार नव्हती. माझ्या पँटी कमरेत होईनात. शेवटी मीच एक दिवस तो डबा ऑफिसच्या बॅगेत घालून खराडीला नेला आणि ड्रॉवरमध्ये कुलपात ठेवला.

आता या बाईंचं आणि त्यांच्या धर्माचं एका बाबतीत मुळीच पटत नसे, आणि ती बाब नेमकी मुळातली होती. एका रविवारी त्या तणतणत उपासनेहून आल्या. ‘पाळकसाहेब आज पुन्हा तेच म्हणाले. तारण, म्हणजे तुमचा मोक्ष हो, सत्कर्मांनी मिळत नाही, विश्वासाने मिळतं. देवाची कृपा म्हणे. फुकट! मी म्हटलं, साहेब, असेल खरं, पण असं उघड बोलू नका. उद्यापासून चर्चमध्ये सतरंज्या कोण घालणार?’ त्यांचा विशेष राग होता येशूच्या शेजारी क्रुसावर खिळलेल्या त्या चोरावर. ‘जन्मभर चोऱ्या केल्या, शेवटच्या घटकेला एक वाक्य बोलला आणि थेट स्वर्गात. मी छत्तीस वर्षं बेडपॅन उचलली, आणि आम्ही दोघं एकाच पंगतीत?’ मी अगदी मनापासून मान डोलावली. त्याच आठवड्यात आमच्या ऑफिसात अप्रेझल झालं होतं, आणि वर्षभर मान मोडून काम केलेल्या मला जे रेटिंग मिळालं तेच मार्चमध्ये आलेल्या, दिवसभर कॉफीच्या मशीनशी उभ्या असलेल्या पोराला मिळालं होतं. आम्ही दोघांनी त्या दिवशी चहा पीत स्वर्ग आणि खराडी या दोन्ही ठिकाणचा कारभार यथेच्छ झोडपला. चहा त्यांचा होता, त्यामुळे बिस्किटं मला न्यावी लागली.

आणि मग बाई पडल्या. पडल्या त्यासुद्धा दुसऱ्याच्या घरी, कोणी सांगितलं नसताना पडदे लावून देताना. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि जन्मात दुपारीसुद्धा आडव्या न झालेल्या मॅट्रनबाई पलंगाला खिळल्या. जवळचं कोणी नव्हतं. इमारतीतल्या अकरा घरांनी डब्याच्या पाळ्या लावल्या. पहिला आठवडा बरा गेला, कारण जो डबा घेऊन येई त्याचं ब्लडप्रेशर बाई पडल्या पडल्या तपासत. डबा ठेवा, दंड द्या. पुढे हातातली ताकद गेली, पंपाचा रबरी फुगाही दाबवेना. त्या दिवसापासून बाईंची भूक गेली. आलेले डबे झाकणासकट तसेच राहू लागले. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, ‘असंच चाललं तर हाड जुळायचं नाही. आणि या वयात माणूस पडून राहिलं, तर ते फार दिवस राहत नाही.’ आजवर मी त्यांना भ्यायचो, त्या दिवशी त्यांच्यासाठी भ्यालो.

माझ्या बायकोने त्या दुपारी चार डबे उघडून पाहिले आणि तिचा तोल गेला. ‘सगळं नासून राह्यलं वो बाई! काहून जेवत नाही तुम्ही?’

बाईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं. ‘कसं खाऊ? हातून काही होत नाही माझ्या. रोज नुसतं घ्यायचं? भिकाऱ्यासारखं?’

मग मीही चिडलो. ‘मॅट्रनबाई, छत्तीस वर्षं तुमच्या वॉर्डातल्या पेशंटांनी तुम्हाला काय परत दिलं?’

‘त्यांनी काय द्यायचं? आजारी माणसं ती!’

‘आणि तुम्ही त्यांना भिकारी समजत होतात?’

‘जीभ सांभाळा!’ बाई कडाडल्या. इतक्या दिवसांत तो आवाज ऐकला नव्हता. मला रडू यायचंच बाकी होतं. मग भिंतीकडचं तोंड वळवून त्या हळूच म्हणाल्या, ‘त्या चोराचे हात खिळलेले होते, नाही का? तो तरी काय करणार होता बिचारा. त्याला नुसतं घ्यावंच लागलं.’ आणि स्वतःशीच म्हणाल्या, ‘किती कठीण गेलं असेल त्याला.’

बायकोने वरणभात कालवला आणि एकेक घास भरवला. भरवताना ती रडत होती, खाताना बाई रडत होत्या, आणि मी दाराशी उभा राहून उगाच पंख्याचं बटण चालू-बंद करत होतो. सगळा भात संपला. मग बाई म्हणाल्या, ‘डबा तसाच न्या. धुणंही व्हायचं नाही माझ्याच्याने.’ मी तो खरकटा डबा दोन्ही हातांनी उचलून वर आणला.

त्या उठल्या, काठी घेऊन चालू लागल्या आणि आणखी सहा वर्षं त्यांनी इमारतीवर राज्य केलं. सत्कृत्यांचा मारा होताच, पण आता कोणी काही दिलं की ‘असू दे’ म्हणून ठेवून घेत. एका ऑगस्टमध्ये त्या गेल्या. चर्चमध्ये दोन शब्द बोलायला पाळकसाहेबांनी मला सांगितलं होतं. मी त्यांच्या चांगल्या कामांची चार पानी यादी करून नेली होती, एकही घर सुटू नये म्हणून दारोदार विचारून. उभा राहणार तेवढ्यात पाळकसाहेब कानाशी वाकले. ‘बाईंनी बजावून ठेवलंय. माझी कामं वाचून दाखवायची नाहीत. शेजाऱ्यांनी मला भरवलं, तेवढंच सांगा.’

मी कागद खिशात घातला, तेवढंच सांगितलं आणि खाली बसलो. आज न राहवून त्यातलं थोडं इथे वाचून दाखवलं, ते त्यांनी पोटात घालावं.